पिशोरच्या ताईंचा फोन

मी संशयी बाई आहे. हे मला सासूबाईंनी सांगितलं, नवऱ्यानं सांगितलं आणि टीव्ही सेंटर चौकातल्या भाजीवाल्यानंही सांगितलं, कारण मी मेथीची जुडी सोडून आतली काडी बघते. आतली काडी पिवळी निघाली नाही असं फार कमी वेळा झालंय, म्हणून ही सवय मी सोडलेली नाही. त्यामुळे आमच्या लेकीनं एके दिवशी चहा पिता पिता सांगितलं, की दर शनिवारी संध्याकाळी ती रेडिओवर गाणी लावणार आहे, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो एवढाच: "कुणाबरोबर?"

"कुणाबरोबर म्हणजे? एकटी. माझा कार्यक्रम आहे."

"एकटीला रेडिओ कोण देतं?"

ती हसली आणि कप विसळायला निघून गेली. स्वतःचा कप तिनं स्वतः विसळला, हेही मला खटकलं.

रेडिओ म्हणजे काही मोठं सरकारी केंद्र नव्हे. छावणीच्या पुढं एका संस्थेच्या आवारात दोन खोल्यांचं छोटं स्टेशन आहे. सकाळी शेतीची माहिती, दुपारी बायकांचं आरोग्य, संध्याकाळी भजनं. शनिवारची भजनं तासभर बाजूला सारून लेक तिथं सोल, जॅझ आणि हिप-हॉप लावणार होती, जुनं आणि नवं दोन्ही. हे शब्द मी तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले. सोल म्हणजे काय, तर म्हणे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची गाणी, त्यांच्या चर्चमधून बाहेर पडून रस्त्यावर आलेली. मी म्हटलं, मग भजनंच की. तर म्हणाली, हो, पण देवाच्या जागी माणूस. झालं! माझ्या मनात पाल चुकचुकली. देवाच्या जागी कुठला माणूस?

दिवसा ती एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. शिकलेली, मिळवती, दिसायला माझ्यासारखी नाही, चांगली आहे. पुण्याचं एक स्थळ आलेलं होतं. मुलगा इंजिनिअर, घरचं सगळं आमच्या माहितीतलं. लेक हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. "थांब ना, आई," एवढंच. आता 'थांब ना' म्हणणाऱ्या मुलीच्या मागं कुणीतरी उभं असतं, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

मला लग्नाची एवढी घाई नव्हती. भीती होती ती वेगळीच. आमच्या समोरच्या बाईंच्या मुलीनं बंगळूरला परस्पर लग्न केलं. त्याचं त्या बाईंना फारसं काही वाटलं नसतं, पण ती बातमी त्यांना त्यांच्या जावेनं सांगितली. जावेच्या फोनवर फोटो आला होता. अजूनही त्या बाई गॅलरीत उभ्या राहून तेच बोलतात: लग्नाचं राहू द्या हो, मला जावेकडून कळलं. मला रात्रंदिवस तेवढंच वाटायचं, की माझ्या पोरीची गोष्ट मला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये. कळली, तर मी ते सहन करू शकणार नाही.

म्हणून पहिल्या शनिवारी मी रेडिओ ओट्यावर ठेवला आणि कणीक मळत ऐकायला बसले. गाण्यांसाठी नव्हे. गाण्यांच्या मधल्या जागेसाठी.

पहिलं गाणं एका बाईचं होतं. घसा बसलेला, आवाज जाड, आणि गाण्याची सुरुवात अशी की कुणीतरी शेताच्या दुसऱ्या बांधावरच्या माणसाला हाक मारतंय. एक शब्द कळला नाही, तरी ही बाई खरं बोलतेय की नाटक करतेय हे मी कान देऊन तपासलं. खरं बोलत होती. मग जॅझ म्हणून एक आलं, त्यात लग्नाच्या बँडमधल्या क्लॅरिनेटसारखं काहीतरी वाजत होतं, पण वऱ्हाड जेवायला गेल्यावर एकटाच मागं राहिलेला वाजवतो तसं. आणि शेवटी हिप-हॉप. ते मला सगळ्यात ओळखीचं वाटलं. माझ्या माहेरी, पिशोरच्या बाजारात, अद्रकाचा लिलाव पुकारणारे असेच श्वास न घेता बोलायचे. तेही ऐकताना एक हात खिशावर ठेवावा लागे.

लेक मधून मधून सांगत होती, की नव्या गाण्यात जुन्या गाण्याचा एक तुकडा कापून लावलेला असतो. आधी तिनं ते जुनं ऐकवलं आणि मग नवं. खरंच, ती घसा बसलेली बाई त्या लिलाववाल्याच्या मागून एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होती. मला ते वाकळीसारखं वाटलं, आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा लेकीच्या वाकळीत. पण लगेच दुसरा विचार आला: त्या बाईला विचारून घेतला का तुकडा?

तेवढ्यात माइकवर लेक बोलत असताना मागं कुणीतरी हसलं. पुरुष होता.

माझे हात कणकेत होते तसेच राहिले. आणि कार्यक्रम संपताना ती म्हणाली, "आजचं शेवटचं गाणं एका खास व्यक्तीसाठी. ती व्यक्ती ऐकत असेल, तर तिला कळेल." ती घरी आली तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कसा झाला?" तर म्हणाली, "तू ऐकला?" मी म्हटलं, "छे, मला कुठला वेळ." तिनं मान हलवली आणि हात धुवायला गेली. मांजर डोळे मिटून दूध पितं, असं मी मनाशी म्हणाले. आता विचार करते, तर त्या दिवशी स्वयंपाकघरात मांजरं दोन होती.

दुसऱ्या शनिवारी तेच. मागं हसू, शेवटी गाणं, खास व्यक्ती. तिसऱ्या शनिवारी तिनं जाहीर केलं, की आता श्रोते फोन करू शकतात. नंबर सांगितला. मी तो पिठाच्या डब्यावर बोटानं लिहून घेतला.

आमच्याकडं गॅस नोंदवायला ठेवलेला एक जुना साधा फोन आहे. त्याचा नंबर घरात कुणाला पाठ नाही. स्टेशनवरचा फोनही जुन्या पद्धतीचा आहे, त्यावर कुणाचा नंबर उमटत नाही, हे मी लेकीकडून आधीच आडून आडून काढून घेतलं होतं. नवरा संध्याकाळी फिरायला जातो. राहिला प्रश्न आवाजाचा आणि नावाचा.

आवाजाची सोय माझ्याकडं होती. लग्न होऊन शहरात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्या महिन्यात माझं 'लई' आणि 'व्हय' काढून टाकलं. चार माणसांत हसू होतं म्हणाल्या. मी इतकी स्वच्छ बोलायला लागले, की माहेरी गेल्यावर भावजय मला चहा बशीतून न देता कपातून द्यायला लागली. पण भाषा काही मरत नाही, माळ्यावर पडून असते. नावाचंही तसंच. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, त्या दिवसापासून जुनं नाव पिशोरलाच राहिलं. आई-वडील गेल्यावर त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही. भाऊ अक्का म्हणतो. लेकीला ते नाव ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

मी फोन लावला. नाव सांगितलं. "पिशोरवरनं बोलतीय."

"ताई, आधी रेडिओचा आवाज कमी करा," लेक म्हणाली, "फोनमध्ये घोंघावतोय."

मी घाईघाईनं रेडिओ बारीक केला. मग ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "बोला ताई. कसा वाटतोय कार्यक्रम?"

"चांगला हाय. पन तुमच्या मागं कोन हसतंय त्ये?"

आता मला सांगा, दुसरी कुठली बाई हे विचारेल? पण ती म्हणाली, "ते आमचे तंत्रज्ञ आहेत, ताई. बटणं सांभाळतात. माइकवर येत नाहीत."

"बटनं सांभाळताना हसू कशापायी येतंय?"

आणि तो माणूस पुन्हा हसला. मी फोन ठेवला, रेडिओ मोठा केला, तर लेक सांगत होती: पुढचं गाणं आपल्या पिशोरच्या ताईंसाठी. आणि तिनं माझं जुनं नाव घेतलं. रेडिओतून, सगळ्या शहराला ऐकू जाईल असं. मी मागं वळून बघितलं, माझ्या पाठीमागं कोण उभं आहे म्हणून.

खरं सांगायचं, तर फोन एकदाच करायचा होता. पण चौकशी अर्धी सोडणं माझ्या स्वभावात नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा केला, त्याच्या पुढच्याही. आधी कामाचं विचारायची, म्हणजे तंत्रज्ञ कुठं शिकला, स्टेशनवरून घरी कशी जाता, सोबत कोण असतं. मग संशय येऊ नये म्हणून एखादा गाण्याचा प्रश्न जोडून द्यायची. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते असं. गंमत म्हणजे ताकाची उत्तरं माझ्या लक्षात राहायला लागली. जुन्या सोलमध्ये बाई एकटी गाते आणि मागचे लोक तिला हो हो म्हणतात, ते का. जॅझवाले एकच चाल दर वेळी वेगळी का वाजवतात. आणि तुकडा घेताना मूळ मालकाला विचारतात का. "विचारायला हवं, ताई," लेक म्हणाली, "पण बरेचदा विचारत नाहीत. घाबरतात, नाही म्हणेल म्हणून." ह्या वाक्यावर मी आठवडाभर विचार केला. गाण्याबद्दल बोलली की आणखी कशाबद्दल?

एकदा मी मुद्दाम खडा टाकला. "तुमच्या घरची मानसं ऐकत्यात का?"

"बाबा ऐकतात कधीतरी. आई नाही ऐकत."

"का बरं?"

"तिला वेळ नसतो."

मला असा राग आला, की फोन आपटावासा वाटला. दर शनिवारी कणीक वाळून जाईपर्यंत मी ओट्याशी उभी, आणि ही सगळ्या गावाला सांगते आई ऐकत नाही म्हणून! पण बोलायची सोय नव्हती. झाकली मूठ मीच झाकली होती.

ती घरी यायची तेव्हा मात्र ठीक असायची. फार ठीक. माझ्या हातची आमटी चांगली झाली म्हणायची. जी पोर लहानपणापासून आमटीला नावं ठेवत आली, ती एकाएकी कौतुक करते, म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय. पुण्याचे लोक उत्तर मागत होते. नवरा म्हणाला, "तूच विचार तिला सरळ." सरळ विचारायचं असतं, तर मी फोनवर पिशोरला गेले असते का?

मग एक शनिवार आला. मी फोन केला, नेहमीचं बोलणं झालं, आणि लेक म्हणाली, "ताई, मी आता जॅझ लावतेय. फोन ठेवू नका, लाइनवर थांबा." तिनं गाणं सुरू केलं. ओट्यावरच्या रेडिओत हलक्या आवाजात ते एकटं क्लॅरिनेटसारखं वाद्य वाजायला लागलं, आणि कानात तिचा आवाज आला. "आता माइक बंद आहे. आपलं कुणाला ऐकू जात नाही. खोलीतही कुणी नाही, मी बाहेर पाठवलंय. एक विचारू? गाण्याचं नाही."

"इचार की," मी म्हटलं.

"समजा तुमची मुलगी आहे. आणि तिनं एक मुलगा पसंत केला. तुमच्या ओळखीतला नाही, पाहुण्यांतला नाही. चांगला आहे, पण तुम्ही शोधलेला नाही. तुम्ही काय केलं असतं?"

म्हणजे होताच. माझा संशय खरा होता. इतके दिवस मी ज्याची वाट बघत होते ते हातात आलं, आणि मला अजिबात आनंद झाला नाही. आई म्हणून बोलायचं असतं, तर माझ्याकडं सगळं तयार होतं: पुण्याचे लोक, नातेवाईक, समोरच्या बाई, बापाची तब्येत. पण मी पिशोरची ताई होते. ताईला पुण्याचं स्थळ माहीत असायचं कारण नव्हतं.

"लई भांडले असते," मी म्हटलं.

"मग?"

"मग काय. भांडून झाल्यावर भाकर वाढली असती. पोरीला उपाशी झोपवत असत्यात व्हय?"

रेडिओत ते वाद्य एकाच जागेवर फिरत होतं, पुढं जाऊ की नको असं.

"पन एक हाय," मी म्हटलं. हे मी ठरवून बोलले नाही, ते तोंडातून निघालं. "तिनं मला सांगायला पायजे. आदी मला. कुना तिसऱ्याकडून कळलं ना, तर मी मेलेच समज. पोरगा कसा का असंना, त्ये बघून घेता येतंय. पन माझी पोर मला घाबरली, हे मला सोसायचं नाय."

मग ती म्हणाली, "ताई, गाणं संपतंय. माइक उघडते," आणि तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

जेवताना आम्ही तिघं होतो. तिनं मान खाली घालून वरण कालवलं. मी तिला विचारलं, "भाकरी वाढू?" तिनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याचा मला अर्थ लागेना आणि जिचा अर्थ लागत नाही अशी कुठलीच गोष्ट मला आवडत नाही. मी वाट बघत होते, आता सांगेल, आता सांगेल. नाही सांगितलं. ताईला विचारून झालं होतं, आईची गरज उरली नव्हती. मला त्या पिशोरच्या बाईचा मत्सर वाटायला लागला. हसू नका, खरंच वाटला.

पुढच्या रविवारी पिशोरला भावाच्या मुलाचा साखरपुडा होता. आम्ही गाडीनं निघालो. लेक चालवत होती, मी पुढं तिच्याशेजारी, नवरा मागं बसला आणि पडेगाव यायच्या आत झोपला. तिनं गाडीतला रेडिओ लावला, तिचंच स्टेशन. सकाळचं शेतीचं चालू होतं. एक माणूस अद्रकाच्या कंदकुजीबद्दल पोटतिडकीनं सांगत होता. मी म्हटलं, "तुझी गाणी नसतात का सकाळी?" ती म्हणाली, "नाही." तिनं आवाज जरा वाढवला.

दौलताबाद मागं पडलं आणि गाडी घाट चढायला लागली. कंदकुजीवाला माणूस "आता पाणी देताना एक काळजी" एवढं म्हणाला आणि खरखरायला लागला. पहिल्या वळणावर शब्द तुटले. दुसऱ्यावर नुसता चरचराट राहिला, फोडणीसारखा. लेकीनं रेडिओ बंद केला नाही. घाट संपल्यावर तिनं एका कडेला झाडाखाली गाडी थांबवली.

"इथून पुढं लागत नाही," ती म्हणाली.

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक शेळी होती.

"वेरूळला लागत नाही, कन्नडला लागत नाही. पिशोर तर लांबच राहिलं, आई."

काही वेळा माणसाला आपलं सगळं वागणं एकदम मागून दिसतं. आवाज कमी करा ताई. आई नाही ऐकत. तिला वेळ नसतो. सगळी वाक्यं ओळीनं आठवली आणि प्रत्येकाची जुडी मी आता सोडून बघितली.

"कधी कळलं?" मी विचारलं.

"नाव सांगितलंस तेव्हाच. आजी तुला त्याच नावानं हाक मारायची. मी ओसरीवर खेळत असायचे."

"एवढीशी होतीस तू."

"ऐकू येत होतं की."

मला राग आला. पाळत मी ठेवत होते, आणि ती शनिवारमागून शनिवार मलाच बोलतं करून गंमत बघत होती. "मग बोलली का नाहीस?" मी जोरात म्हणाले. मागं नवऱ्यानं कूस बदलली.

"तू फोन करणं बंद केलं असतंस."

माझी चौकशी अजून पुरी झाली नव्हती. "आणि ते शेवटचं गाणं? खास व्यक्ती? ते त्या हसणाऱ्यासाठी ना?"

"तो समोरच बसलेला असतो, आई. त्याच्यासाठी रेडिओवर कशाला लावू?"

मी पदरानं नाक पुसलं. धूळ होती, असं सांगायला मागं कुणी जागं नव्हतं.

"त्या दिवशी ताईंनी सांगितलं," लेक म्हणाली. तिचे हात अजून स्टिअरिंगवरच होते, घट्ट. "आता आईचं सांग."

शहरातल्या भाषेत बोलायला गेले असते, तर पहिला शब्द पुण्याच्या स्थळाचाच आला असता. ती भाषा मला सासूबाईंनी दिली, आणि तिच्यात नाही म्हणायच्या फार सोयी आहेत. मी तोंड उघडलं, आणि बाहेर पडली ती दुसरीच.

"पोरगं कुठलं हाय?"

तिनं झटकन माझ्याकडं बघितलं. "फर्दापूरचा."

"लई हसतंय."

"हो. आणि तू फोनवर आलीस की जास्तच."

"त्यालाबी ठावं हाय, मी कोन त्ये?"

तिनं उगाच समोरचा आरसा सारखा केला. म्हणजे होतं. घ्या! सगळ्यांना ठाऊक होतं. मी त्याच्याबद्दल काय काय विचारलं ते आठवून माझे कान तापले, आणि बटणं सांभाळताना तो कशाला हसत होता तेही कळलं. त्याचा हिशेब मी नंतर करणार होते, अजूनही करणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट विचारायची राहिली होती, आणि तीच महत्त्वाची होती.

"त्याच्या आईला सांगितलंय का?"

"नाही अजून. तो घाबरतो तिला."

फर्दापूरच्या त्या बाईला मी पाहिलेलं नव्हतं. तिच्या घरी काय शिजतं, कोण येतं-जातं, ती कशी बोलते, काहीच माहीत नव्हतं. तिच्या गावी तर हे स्टेशनही लागत नसणार. तिनं पोरावर पाळत ठेवायची म्हटलं, तरी कुठून ठेवणार?

"त्याला फोन लाव," मी म्हटलं.

"आत्ता? काय सांगू?"

"म्हनावं, आजच्या आज आईला सांग. तिला जावंकडनं कळायच्या आत."